मोजणीवाला

कौन्सिल हॉलमध्ये सुनावणी होती अकराची,
पावणेबाराला सुरू झाली.
पत्रिकेवर प्रश्न एकच, ठळक:
राज्याने धुराच्या बाजारात राहायचं, की बाहेर पडायचं.
मला साक्षीला बोलावलेलं,
कारण भोसरीतल्या एकोणीस चिमण्या मी मोजतो.

चिमण्या म्हणताच मागे बसलेली शाळेची मुलं हसली.
खरंय त्यांचं.
आमच्या घरात तर चिमणी म्हणजे रॉकेलची.
सकाळी आईच्या नाकपुड्या काळ्या असायच्या.
तेव्हा टनाला भाव नव्हता.

ओसवाल शेठ उठले. ओतकाम, दीडशे कामगार.
“पलीकडच्या राज्यात धुराला कुणी विचारत नाही.
मी भट्टी उचलून सीमेपार नेली
तर धूर वाऱ्यावर इकडेच येईल, साहेब.
पगार तेवढा येणार नाही.”
टाळ्या पडल्या.
मीही वाजवली असती, हातात फाईल होती.

मग गवळीमाथ्याच्या शेवंता गवारे.
“या पैशातून दवाखाना येणार म्हणाले, पाटी आली.
पाटीखाली आता भेळेची गाडी लागते.”
“म्हणजे बाहेर पडावं?” अध्यक्षांनी विचारलं.
“तसं कुठं म्हणाले मी?
पाटी लावलीत ना, दवाखाना द्या.”

डॉक्टर वैजयंती केतकरांनी पडद्यावर आलेख दाखवला.
रेघ उतरत होती, जिन्यावरून म्हातारं माणूस उतरावं तशी,
थांबत, धरत.
शेठचे वकीलही त्याच रेघेवर बोट ठेवून भांडले.

त्या रेघेतला एक ठिपका माझा आहे.
ऑगस्टमधला.
त्या दिवशी शिडीला शेवाळ होतं,
पट्ट्याचं कडं सैल होतं,
आणि मुलीला ताप.
मी वर गेलो नाही.
जुलैचा आकडा जरासा वाकवला आणि भरला.

“तुमचं मत?”
“मत नाही साहेब, आकडे आहेत.”
कारकुनानं लिहिलं: साक्षीदाराने मत दिले नाही.
कुणी हेही विचारलं नाही
की बाजार बंद झाला तर चढायला मला कोण बोलावेल.
विचारलं असतं तर बहुतेक खोटं बोललो असतो.

निर्णय राखून ठेवलाय.

शनिवारी सात नंबरच्या चिमणीवर चढलो. चौऱ्याऐंशी पायऱ्या.
वरून दिघीची टेकडी, आळंदी रस्ता,
कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया.
नळी आत घातली, थांबलो,
पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून.

ऑगस्टचा रकाना खोडता येत नाही,
भरलेला आकडा संगणक सोडत नाही.
फक्त शेऱ्याला जागा आहे.
तिथे टाईप केलं: प्रत्यक्ष मोजणी नाही.
‘पाठवा’वर बोट ठेवून उभा आहे, तीस मीटर उंचीवर.

खालून शेठचा वॉचमन ओरडतोय,
“चहा सांगू का? उतरताय ना?”