साठ दिवसांचा सावा

ऑगस्टच्या मध्याला, शेजाऱ्यांचं भात पिवळं पडू लागतं
तेव्हा बाप म्हणतो, आता पेरू.

पाणी सोडून दिलेलं तळं. चिखल
बूट मागून घेतो आणि परत देत नाही.
वाफशाची वाट बघावी लागत नाही या पिकाला.
कमरेला बादली, जपानी सावा फोकत जायचं,
मूठ मनगटानं उघडायची, बोटांनी नाही.
हे मी सातव्या वर्षी शिकले. आज सत्तेचाळीस,
आणि थर्मन पुलियम बांधावरून अजून ओरडतो :
कोंबड्यांना घालतेयस का?

साठ दिवस. उत्तरेचा पहिला गार वारा
अर्कान्सात पोचतो, तिथून मागे मोजायचे.
कापायचं नाही, मळायचं नाही,
काट्यावर चढवायचं नाही असलं पीक.
गिऱ्हाईक कॅनडाकडून येतं, रात्री,
भाव विचारत नाही.

ऑक्टोबरात कणसं जांभळट, जड.
मग पंप. पाणी वीतभरच,
बदकानं डोकं बुडवून
शेपूट वर करावी इतकं.

कायदा सोपा आहे, बाप सांगतो.
आपसूक गळाला तो दाणा. पाडलास तर आमिष.
उभ्या पिकात पाणी भर, बंदूक घेऊन बस, कोणी हटकणार नाही.
पीक आडवं करून बसलास तर गुन्हा.
सावा तोच. बदकाला विचारलं
तर त्याला फरक सांगता येणार नाही.

सीझन उघडायला आठ दिवस होते.
पंपाला डिझेल घालायला तो ट्रॅक्टर घेऊन गेला
आणि वळवताना सरळ उभ्या पिकात शिरला.
मागे, पुढे, पुन्हा मागे.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
घरात कुणाला पत्ता नाही.
चाळीस पावलं सावा भुईसपाट,
दाणे चिखलात चमकत होते.

मी म्हटलं, रानडुकरांवर ढकलू. आहेतच की ती.
तो दिवसभर बूट घासत बसला.
संध्याकाळी त्यानंच फोन लावला ड्युप्रीला,
वॉर्डनला, ज्याच्याशी एका कुत्रीवरून
अकरा वर्षं बोलणं बंद.

ड्युप्री आला. बांधावर उभा राहिला, टोपी काढून पुन्हा घातली.
थर्मन, कोणी बघितलं नसतं हे.
बाप म्हणाला, मीही नाही बघितलं.
तोच तर घोळ आहे.

दाणा संपेपर्यंत बंदी. संपल्यावर आणखी दहा दिवस.

पहिल्या पहाटे तरीही आम्ही आडोशात जाऊन बसलो,
थर्मास, कुत्री आणि रिकामे हात.
चारी बाजूंच्या शेतांत बार उडायला लागले
आणि प्रत्येक बारासरशी
आकाशाचा एक तुकडा उचकटून आमच्याकडे यायचा,
फिरायचा, उतरायचा.
पाणी दिसेना. नुसत्या पाठी.
कुत्री थरथरत होती, माझ्याकडे बघत होती
जणू मीच काहीतरी विसरले.

किती? बापानं विचारलं.
चारशे. जास्त.
हिरव्या डोक्याचे?
निम्मे तरी.
मग मान वाकडी करून थांबला.
डावीकडे, लांब, तलवार बदक आहे. नर. शीळ घालतोय.
मला दिसत नव्हता. बऱ्याच वेळानं दिसला,
देठांच्या मागे, एकटा,
पांढरी रेघ मानेवर.

आडवा सावा आठवड्यात संपला. मग उभाही, कणसागणिक.
बंदी उठली त्या सकाळी
तळ्यात काड्या होत्या आणि एक चांदवा,
ज्याचं मांस आमच्याकडे कुत्रीही खात नाही.
बापानं बंदूक भरली, मांडीवर ठेवली,
नऊ वाजेपर्यंत ठेवली,
मग गोळ्या काढून खिशात टाकल्या.

परत येताना बांधावर थांबला.
पुढल्या वर्षी, म्हणाला, मधोमध जागा सोड.
पेरू नकोस तिथं.
ट्रॅक्टर वळेल एवढी.

डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही.