वाटा

पहिली सभा आम्ही लायब्ररीत ठेवली, मंगळवारी दुपारी दोनला.
कॉफी होती, डोनट होते, नदीचा हातभर नकाशा होता.
कारखान्याचे व्हिटकॉमसाहेब होते, त्यांचे दोन वकील,
विद्यापीठातली एक मुलगी, जिला सगळे आकडे पाठ.
मासे खाणारं कुणी नव्हतं.
दुपारी दोनला ती माणसं कामावर असतात.

दुसरी सभा मग धक्क्यावर, पहाटे साडेपाचला,
लोवेलच्या जुन्या गिरण्यांच्या भिंतीखाली,
जिथे 'खाऊ नका'ची पाटी चार भाषांत गंजते
आणि पाटीच्याच खांबाला आर्मांदो आपली बादली टांगतो.

कचेरीच्या कागदावर या सगळ्यांसाठी एकच जड शब्द आहे.
मी माझ्यापुरतं त्याचं मराठी केलं: वाटेकरी.
वेंगुर्ल्याच्या बाजारात आई वाट्यावरच मासळी घ्यायची.
"डोळो बघ, कल्ले बघ, मगे भाव इचार."
एवढ्यावर माझं निम्मं आयुष्य बिनघोर गेलं.

सारोउनबाईंनी फळीवर कॅटफिश ठेवला.
डोळा स्वच्छ. कल्ले लालबुंद.
बोटानं दाबलं तर मांस लगेच वर आलं.
सुरी माझ्यापुढे धरून त्या ख्मेरमध्ये काहीतरी म्हणाल्या.
नातू रिथीनं इंग्रजी केलं:
"दाखव. विष कुठंय?"

मी पोटाची कड दाखवली. कातडं. बाजूची गडद पट्टी.
म्हटलं, चरबीत मुरतं. वास नाही, चव बदलत नाही.
एवढं काढून टाका. डोकं नको. उकडलेलं पाणी ओतून द्या,
त्याचा रस्सा नको. पोटुशीला आणि पोरांना तर मासाच नको.
रिथी सांगत गेला, त्या मान हलवत गेल्या.
मग जे बोलल्या ते सांगताना तो अडखळला:
"म्हणजे, चांगलं तेवढं सगळं."

व्हिटकॉमसाहेब चिखलातून बूट सोडवत म्हणाले,
गाळ उपसायला अकरा वर्षं.
अकरा वर्षं रात्री जेवायचं काय, आर्मांदोनं विचारलं.
इतिवृत्तात या प्रश्नाला रकाना नव्हता.
मी समासात लिहिला.

नव्या पाटीवर आता मासा आहे, रिथीच्या बहिणीनं काढलेला,
टाकायचे भाग काळ्या रंगात. बराचसा मासा काळा.
खाली एक ओळ हवी असं सारोउनबाईंचं म्हणणं:
ही घाण कुणी केली, तेही लिहा.
वकील म्हणाले, वाक्य तपासावं लागेल.
मार्चपासून तपासतायत.

त्या दिवशी निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून
दोन मासे माझ्या हातात दिले.
सगळी माहिती असलेली मी,
पाट्या छापणारी मी,
दोन्ही हातांनी घेतले.
दिलेला वाटा परत करायचा नसतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अजून फ्रीजरमध्ये आहेत.
मटारच्या पिशवीमागे.
खात नाही. टाकतही नाही.
दार उघडलं की त्यांच्यावरचा बर्फ
थोडा जाड झालेला दिसतो.