उंचीचा जेट

ओरुरोत, मिठाने खाल्लेल्या पत्र्याखाली
नेमेसिया सिलिंडरमधून बोट फिरवते.
ओरखडा. नखाला लागतो, डोळ्याला नाही.

नवा पिस्टन, नवी रिंग,
फटीत पातं सरकतं
अडत, जेमतेम.

गाडी आरिकाची, समुद्राकाठची.
इथे किक मारली की गुदमरते;
प्लगवर ओली काजळी.
"हिला अजून तिकडचीच भूक आहे,"
म्हणत ती लहान जेट बसवते.
हवा थोडी, तर घासही थोडा.

खाटेवर एलियोदोरो,
कालच त्याच बंदरातून परतलेला,
चार पायऱ्यांनी अजून धापतोय.
सूप अर्धं टाकलेलं.
ती काही बोलत नाही.

पाचवी किक.
निळा धूर, आणि मग तो कर्कश, मोकळा आवाज.

गल्लीतून फेरी मारून ती प्लग काढते:
बिस्किटाच्या रंगाचा.
गरम गरमच
भावाच्या उशाशी ठेवते.