दाणा

काटा कधी मोडला, अल-तोमला आठवत नाही.
हशाबाच्या झाडांत काटे मोजत कोण बसतो?
बाभळीच्याच कुळातलं झाड, तसंच खुरटं, तसंच चिवट.
लांब दांड्याच्या हत्याराने सालीला चीर द्यायची
आणि महिन्याभराने परत यायचं
जखमेवर झाडाने धरलेला डिंक वेचायला.
अल-ओबेदच्या बाजारात त्याला बरा भाव येतो.

सहा वर्षांपूर्वी, तो सांगतो, तळव्याला गाठ आली.
हरभऱ्याएवढी.
दुखत नव्हती,
म्हणून तो चालत राहिला.
बरोबर जन्मलेली बहीण, अल-तोमा, म्हणाली,
दाखव कुणाला तरी.
तो म्हणाला, दुखेल तेव्हा दाखवीन.

काट्याचा नायटा होतो म्हणतात.
पण नायटा निदान खाजतो.

मी हाजर. एकोणीस वर्षं या खोलीत काचपट्ट्या धुते आहे.
पाय पलीकडच्या खोलीत आहे, सुजून नांगराच्या फाळासारखा झालेला.
माझ्याकडे त्यातलं एवढंच आलं:
पट्टीच्या कापडावर चिकटलेले अकरा काळे दाणे,
खसखशीहून मोठे, राळ्याहून थोडे लहान.
एक दाणा दोन काचांमध्ये दाबला,
भाकरीत खडा लागावा तसा कुरकुरला.

भिंगाखाली तो दाणा राहत नाही.
धागे दिसतात, एकात एक गुंतलेले,
आणि त्यांना लिंपून टाकणारं
तपकिरी, घट्ट काहीतरी.
त्यात मेलॅनिन आहे. तेच,
जे माझ्या मनगटात आहे, अल-तोमच्या कपाळात आहे,
ज्याने आमच्या आज्यापणज्यांना या उन्हातून पार नेलं.
बुरशीलाही तेच पार नेतं.
भोवती पांढऱ्या पेशींचा गराडा पडलेला.
थर मेलेल्यांचा, त्यावर थर नव्या आलेल्यांचा.
लिंपण कुठेही तडकलेलं नाही.
वर्षभर दोन वेळा गोळी घेतली
तर औषध तिथवर पोचतं. आत शिरेलच, असं नाही.

तिला माणूस हवा होता असं मला वाटत नाही.
मातीत तिचं चाललं होतं.
शेणात, कुजक्या लाकडात, पडलेल्या काट्यात.
एकदा काटा टाचेखाली आला
आणि ती आत ओढली गेली, जशी धूळही गेली असेल.
इथे ऊन नव्हतं. ओल होती.
सदतीस अंशांची ऊब, ज्यात तिच्या कितीतरी भावकीतल्या मरतात,
तिला सोसली.
मग तिने कुणालाही न दुखवता घर बांधलं.
हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.
दुखलं असतं तर तो पहिल्याच महिन्यात आला असता,
उंटावर बसून, ट्रकच्या टपावर बसून, रांगत.

रात्री परत जाताना झाडं दिसतात रस्त्याकडेला.
झाड आपली जखम बंद करतं.
ही दुसऱ्याच्या जखमेत शिरून स्वतःला बंद करते.
आणि आपण? एकाचा डिंक विकतो,
दुसरीसाठी करवत उकळत ठेवतो.

एक्सरेत हाडांना भोकं पडली आहेत.
घोट्याच्या वर की खाली, एवढंच ठरायचं आहे.

दारातून अल-तोमने विचारलं,
काटा सापडला का?
सहा वर्षं त्याला वाटत होतं, काटा अजून आत आहे,
तो निघाला की झालं.
मी म्हटलं, तो केव्हाच विरघळला, भाऊ.
त्याने मान हलवली. विश्वास बसला नाही.

बहीण मात्र आत आली. मरकूबची एक जोडी काखेत,
नवी, दोन्ही पायांची.
दाणे बघू, म्हणाली.
ती दरवर्षी पावसाला ज्वारी पेरते.
बराच वेळ वाकून पाहिलं, मग विचारलं,
हे पेरले तर उगवतात?

उगवतात, मी म्हटलं.
आता तेच करायचं आहे मला.

दाणा धुतला. ताटलीत ठेवला.
झाकणावर तारीख लिहिली.
तीन आठवडे लागतील.