एकशे चोपन्न इंच

पहिलीच स्नोमोबिल. मॅकब्राइडच्या दुकानात
ऑर्विलने रबरी पट्टा फरशीवर चपटा पसरला.
म्हणाला, "नीज याच्या शेजारी."
निजले. डोक्यापलीकडे वीतभर उरला.

"एकशे पासष्टचा भुसभुशीत बर्फावर तरंगतो,
झाडीत मात्र अडेलतट्टू.
एकशे शेहेचाळीसचा गर्रकन वळतो,
आणि चढावर
स्वतःचीच कबर खणत बसतो."

मी इंजिनाचं विचारलं.
तो माझी मनगटं बघत होता.
"रुतलीस तर उपसणार कोण?"

लिंडी येते कधीमधी, तिची रात्रपाळी नसली की.
एरवी मीच.

बराच वेळ हीटर घरघरत राहिला.
मग मधल्या पट्ट्यावर त्याने खडूने माझं नाव लिहिलं,
चुकीचं,
आणि भिंतीवरचं फावडं काढून दिलं.
त्याचे पैसे लावले नाहीत.
दांडा आखूड.