आठ मिलिमीटर

उद्यमबागेत तिसऱ्या ओळीत माझं लेथ.
साडेबाराला भोंगा होतो,
मी डबा उघडतो :
काकडी, बटाटा, हिरवी चटणी,
ब्रेडच्या दोन कापांत दाबून बसवलेली.
सव्वीस वर्षं हेच.
ऑइलच्या हातांना आमटी-भात जमत नाही,
सँडविच कागदासकट धरता येतं.

अनगोळच्या देसूरकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
साखर तुमची सीमेवर आहे.
मी म्हटलं, बाई, आम्ही सगळेच.
त्या हसल्या नाहीत.
ब्रेड बघा जरा, म्हणाल्या, रोजचे चार काप म्हणजे काय थोडे झाले?

मग ब्राऊन आणला, कॅम्पातून.
पाठीवर मुंगीएवढी अक्षरं.
माझं कन्नड बोलण्यापुरतं,
वाचायला ईरय्याकडे दिलं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
पाकीट नाकाला लावलं :
मैदा. पाणी. साखर. बण्ण.
बण्ण म्हणजे?
रंग की ओ.
आणि गहू?
गहू मागं उभा आहे, पाळी यायची आहे त्याची.

मग बियांचा. तीळ, जवस, सूर्यफूल,
दिसायला लग्नातल्या रुखवतासारखा.
एका कापात शंभरावर कॅलरी,
आमच्या साध्या पांढऱ्यात पंचाहत्तर.
मालू म्हणाली, बिया म्हणजे तेलच की,
एवढं तुम्हाला कळू नये?

ईरय्यानं घरची कडक भाकरी दिली, ज्वारीची.
तिच्यात काकडी घालून चावलो
तर सगळा शॉप वळून बघितला.
अर्धी भाकरी मांडीवर, चटणी पँटवर,
आणि वजन करून हिशोब मांडला
तर ती ब्रेडच्या पुढंच निघाली.
ईरय्याला हे सांगितलेलं नाही.

पोई बरी होती.
चोर्ल्याच्या गाडीनं यायची पहाटे,
वर कोंडा, आत नुसती हवा,
हवेला कॅलरी नसते.
पण गाडी एक दिवस येते, दोन दिवस घाटात बसते,
आणि माझी भूक रोज साडेबाराला,
भोंग्यावर.

एका बुधवारी कंटाळून
खिशातला व्हर्नियर काढला, पुसला,
लावला ब्रेडच्या कापाला.
तेरा पॉइंट दोन.
दुसरा चौदा.
तिसरा एका कडेला अकरा, दुसऱ्या कडेला पंधरा.
असा जॉब मी टाकला असता
तर साहेबानं मलाच भट्टीत घातला असता.

संध्याकाळी कायतानच्या बेकरीत गेलो.
कितीचा कापतोस?
हाताला येईल तेवढा.
अर्धी कणीक घाल ना रे.
कणकेचा फुगत नाही, लोक शिळा म्हणतात.
लोकांना म्हणू दे, मला एक लादी कर.
मग त्याची कापायची चौकट खोलून बघितली,
पात्यांमधल्या रिंगा झिजलेल्या,
बापाच्या वेळच्या.

रविवारी भंगारातल्या दांड्यावर
बावीस रिंगा काढल्या,
आठ मिलिमीटरच्या, केसाचा फरक नाही.
अशी कामं मला पगारात कुणी दिली नाहीत कधी.

सोमवारचा काप उजेडाला धरला
तर पलीकडून काकडीची सावली दिसली.
भुरका, जरा ओबडधोबड, चावायला लागणारा.
कायतान म्हणाला, दोन बायका विचारून गेल्या,
हा पातळ कुणाचा?

दुपारी डबा उघडला
तर दोनऐवजी तीन सँडविच.
घरी जाऊन विचारलं.
पातळ आहेत म्हणून, मालू म्हणाली,
उपाशी मरूलाय काय तिथं?

रात्री अंथरुणावर पडून हिशोब केला.
आधी चार काप तेराचे, बावन्न.
आता सहा काप आठचे, अठ्ठेचाळीस.
चार मिलिमीटर वाचले.
बाहेरच्याला हसू येईल.
लेथवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा
चार मिलिमीटर म्हणजे किती असतात.