चिपटंभर जवळा

लक्ष्मीपुरीत रविवारी
कुलसुम होडेकर गोणपाटावर जवळा ओतते.
घाट चढून आलेला समुद्र
आधी नाकाला भेटतो, मग डोळ्यांना.

मी चिपटंभर घेते.
निम्मा तव्यावर, कांद्यात.
निम्मा विद्यापीठात, काचेच्या बशीत,
कोमट पाण्यात.

सर म्हणतात, सुकलेल्यावर आलेख उभा राहत नाही,
नमुना फॉर्मलिनमधलाच हवा.
माहीत आहे.
तरी सुईनं एकेक उलटा करते:
नर. नर. मादी.
मादी थोडी लांब,
आणि पाठीच्या कडेनं हिरवट रेघ,
की मलाच तशी दिसते?

ही भरलेली होती.
दुसऱ्या जाती अंडी पायांशी धरून हिंडतात,
हिची रीत तशी नाही.
ही अंधारात सोडून देते सगळी
आणि भरतीबरोबर पुढं जाते.
ज्याचं त्यानं तरंगावं.

भिंतीवरच्या नकाशात माझ्या टाचण्या:
जयगड, काळबादेवी, देवगड.
किनाऱ्यापासून किती वाव, कोणत्या महिन्यात किती.
एक टाचणी मी गुपचूप
पंचगंगेच्या वळणाशी टोचली आहे.
सरांनी अजून पाहिलेली नाही.

पुढच्या रविवारी कुलसुमला सांगितलं,
तुझ्या मापात बऱ्याच गाबोळीच्या निघाल्या.
ती हिशेब थांबवून बघत राहिली.
"मग गं बाई, स्वस्तात दिला की मी!"
म्हणाली,
आणि मापावर
अजून एक मूठ टाकली.